व्हासर आणि समोरची खिडकी

मंगळवार, ६ फेब्रुवारी २००७

मिलिंद काल पहाटे नोकरीवर मेडनहेडला गेला, आता गुरुवारी रात्री येईल. आज दहाच्या सुमारास पार्सल आलं. आत भाषांतराला आलेली चार फ्रेंच कॉमिक्स, मोठ्या आकाराची, पुठ्ठा बांधणीची. लंडनच्या प्रकाशनसंस्थेतल्या हॅरिएटने फोनवर आधीच बजावलं होतं, "लहान मुलांची नाहीत हं ही." नाहीतच. नायक सुपारी घेऊन माणसं मारतो. त्याचं नाव व्हासर.

पुण्यात बारा वर्षं फ्रेंच शिकवलं. नॉटिंगहॅमला आल्यावर पाच वर्षं वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत आणल्या. आता एकदम हे. पहिला भाग एका बैठकीत वाचून काढला आणि मग चहा करायला किचनमध्ये गेले, तर मागच्या दाराची कडी दोनदा तपासली. व्हासर ओरडत नाही, पळत नाही. तो फक्त एखाद्या गल्लीत राहायला जातो आणि वाट बघतो. चित्रांत सगळीकडे राखाडी आणि शेवाळी रंग. आमच्या गल्लीसारखेच.

मिलिंदला फोनवर नाव सांगितलं तर म्हणाला, "वासरू? तुला वासराची भीती वाटते?" हसले, पण फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. हे लिहायला घेतलंय ते त्यासाठीच. कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटतं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

बर्फ. सगळी गल्ली पांढरी. मी वरच्या खोलीत, खिडकीशी टेबल लावून बसते. आज मान वर केली तर समोरच्या घरात, खालच्या खिडकीत, एक माणूस खुर्चीत बसलेला. ते घर जानेवारीत भाड्याने गेलं होतं. साठीचा असेल, राखाडी जॅकेट. अकरा वाजता होता, एक वाजता होता, तीन वाजताही होता. टीव्ही नाही, पेपर नाही. मधेच मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहायचा आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचा.

शेजारच्या रघुवीरने कामाला जायच्या आधी आमच्याही दारासमोरचा बर्फ काढून मीठ टाकलं. असा शेजारी मिळायला नशीब लागतं. मराठी मंडळात खुर्च्या मांडण्यापासून निवेदनापर्यंत सगळं तोच करतो, आणि वर भावगीतं म्हणतो.

दुपारी त्याच्या बायकोला, नीनाला, शिरा द्यायला गेले. गेल्या मे महिन्यात लग्न करून नागपूरहून आलीय, जेमतेम पंचवीसची. बेल वाजवली तर दार उघडेना. शेवटी दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून तिचा आवाज आला. "ताई, किल्ली हे घेऊन गेले. चुकून." ही नवी प्लास्टिकची दारं, बाहेरून किल्ली फिरवली की आतून किल्लीशिवाय उघडत नाहीत. मला हसू आलं. म्हटलं, "नवरा विसराळू मिळालाय तुला." फटीची झडप खाली पडली. शिरा मीच खाल्ला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

एका वाक्यावर दोन दिवस अडकलेय. व्हासर सावजाच्या गल्लीतल्या कॅफेत रोज कॉफी पितो. त्याला सगळी माहिती कशी मिळते, तर फ्रेंचमध्ये तीनच शब्द: ऑं म राकाँत. मला सांगितलं जातं. कोण सांगतं ते वाक्यात नाहीच, आणि तीच त्यातली गंमत. इंग्रजीत 'पीपल टेल मी' केलं की ती जाते. संवादाचा फुगाही इवलासा, जागा नाही.

संध्याकाळी पाचला रघुवीर डोकावला. "वहिनी, एकट्या असता, काही हवंनको?" चहा टाकला. समोरच्या माणसाचं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग आणखी कायकाय बोलत बसले. नीनाने शनिवारी माझा मोबाईल मागितला होता, नागपूरला आईला दोन मिनिटं फोन करायला, तेही सांगितलं. तो हसला. "तिचं फोनकार्ड संपलं असेल. मला बोलली नाही." जाताना म्हणाला, "समोरच्याची काळजी करू नका. मी आहे."

खूप आधार वाटला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

तो माणूस रोज असतो. त्याची नजर माझ्या घरावर नसते, हे आज नीट लक्षात आलं. माझ्या घराच्या डावीकडे असते. नीनाच्या घरावर.

काल सकाळी नीना कचऱ्याची बिन बाहेर काढत होती, तेव्हा त्याने खिडकी वर ढकलली आणि काहीतरी बोलला. नीनाने जोरजोरात मान हलवली आणि आत पळाली. त्याने पुन्हा वहीत लिहिलं.

आज रघुवीर आणि ती मंडळाच्या पाडव्याची यादी द्यायला आले होते. रघुवीर बोलत होता, ती हसत होती. मनगटाला पट्टी. "पोळ्या करताना तवा लागला," म्हणाली. मी पट्टी बदलून दिली. चटका मनगटाच्या भोवती सगळीकडून कसा लागतो कोण जाणे. धांदरट आहे पोरगी. त्या माणसाचा विषय काढला तर एकदम पांढरी पडली. म्हणजे तिलाही त्याची भीती वाटतेय.

मिलिंदला फोन केला. "अगं, म्हातारा माणूस खिडकीत बसतो हा काय गुन्हा आहे? ते पुस्तक परत पाठव." त्याला काय जातंय. दीडशे मैलांवर बसून हसायचं.

शुक्रवार, २ मार्च

आज तो पहिल्यांदा बाहेर आला, दोन कुबड्यांवर. माझ्याकडे बघून "ऑलराइट, मी डक?" म्हणाला, म्हणजे 'बरंय ना, बाळा?', इथले सगळे म्हणतात तसं. मी उत्तर न देता आत आले. दुसऱ्या भागात व्हासर धडधाकट पायाला नऊ दिवस प्लास्टर बांधून हिंडतो. लंगड्या माणसाचा कुणाला संशय येत नाही. आत येऊन केलेला चहा ओट्यावर सांडला.

बुधवार, १४ मार्च

काय करावं कळेना, म्हणून दुपारी काहीच लिहिलं नाही. आता सहा वाजलेत.

बाराला पोस्टात गेले होते. रांगेत माझ्यापुढे पाच-सहा माणसं सोडून नीना उभी, हातात रघुवीरचं पार्सल. आणि तिच्या शेजारी कुबड्या घेऊन तो. तो खालच्या आवाजात काहीतरी सांगत होता आणि ती ऐकत होती. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. तिने तो स्वेटरच्या बाहीत सारला. वळली तर समोर मी.

बाहेर फुटपाथवर तिने माझा दंड धरला. बोटं रुतली. "ताई, ह्यांना सांगू नका. प्लीज. तुम्हाला माझी शपथ."

"अगं, पण कोण आहे तो? काय दिलं त्याने?"

"काही नाही. ताई, मला साडेबाराच्या आत घरी पोचायचंय. तुम्ही सांगणार नाही ना?"

नाही सांगणार, म्हटलं. ती धावत गेली.

घरी येऊन नुसती येरझाऱ्या घालत होते. प्रकरण असेल तर? नाही, हा माणूस तिच्या बापाच्या वयाचा. तो तिला कशात तरी ओढतोय. परक्या देशात आलेली, इंग्रजी धड येत नाही, कुणीही गोड बोलून फसवेल. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर मला माहीत असून मी गप्प बसले, असं होईल.

पाच वाजता रघुवीर खुर्च्यांची यादी घ्यायला आला. मी चहा दिला. तो बसला. मी सांगितलं. पोस्ट, कागद, बाही, सगळं. तिच्याच भल्यासाठी सांगितलं. त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला.

"बरं झालं सांगितलंत, वहिनी."

शपथ मोडल्याचं वाईट वाटतंय. पण जे योग्य तेच केलं.

शुक्रवार, १६ मार्च

नीना दिसली नाही. पडदे ओढलेले. रघुवीर म्हणाला फ्लू आहे, तो घरूनच काम करतोय. सूप नेऊ का विचारलं तर म्हणाला, "नको, तुम्हाला लागण व्हायची." मिलिंदला म्हटलं, बायकोसाठी घरी थांबणारा नवरा बघ, शिक.

समोरचा आज खिडकीत उभा होता. बसलेला नव्हता. कुबड्या काखेत घेऊन दिवसभर उभा.

सोमवार, १९ मार्च, सकाळ

तो आला होता. माझ्या दाराशी.

मिलिंद पहाटेच गेलाय. साडेदहाला कुबड्यांचा आवाज ऐकला, फरशीवर टक टक, आणि मग बेल. मी सोफ्याच्या मागे खाली बसले. कुणी मोठी बाई अशी बसते का? पण बसले. पुन्हा बेल. मग लेटरबॉक्सची झडप उघडली आणि आवाज आत आला.

"मिसेस? तुम्ही आहात आत, मला दिसलात तुम्ही. शेजारच्या पोरीला शेवटचं कधी पाहिलंत?"

मी श्वास धरून.

"मी हॅलम, समोरचा. पोलिसांना दोनदा फोन केला मी. ते आले, नवरा दारात हसत उभा राहिला, गेले परत. माझं नाही ऐकणार ते. तुम्ही तिच्या ओळखीच्या. तुम्ही सांगा."

मग कागद आत पडले. तीन-चार पानं, वहीतून फाडलेली. टक टक करत तो गेला.

पानं दाराशी पडलीत. मी हात लावलेला नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून हे लिहितेय. नीनाचं त्याला काय करायचंय? ती शेवटची कधी दिसली, हे तो मला का विचारतो? मिलिंदचा फोन लागत नाही, मीटिंगमध्ये असणार.

वाचते.

मंगळवार, २० मार्च

काल उरलेलं सगळं आज लिहितेय, कारण लिहिलं नाही तर मीच ते बदलून टाकेन.

त्या पानांवर तारखा आणि वेळा होत्या. जाडजूड, वेडंवाकडं अक्षर. 'आठ फेब्रुवारी. नवरा आठ वाजून दहाला बाहेर, दार बाहेरून बंद. पोरगी दिवसभर वरच्या खिडकीत. शेजारीण ताटली घेऊन आली, फटीतून बोलली, परत गेली.' ती शेजारीण मी. 'तेरा फेब्रुवारी. नवरा पाच ते पावणेसहा शेजारणीकडे. सहाला आरडाओरडा, काहीतरी फुटलं.' 'एकवीस. तिला विचारलं मदत हवी का. नको म्हणाली. मनगट सुजलेलं.' 'चौदा मार्च. पोस्टात तिला बायकांच्या मदतकेंद्राचा नंबर दिला. नवरा पाच ते साडेपाच शेजारणीकडे.' त्याखाली रेघ. 'त्यानंतर दिसलेली नाही.'

मी ही वही काढली आणि तारखा लावून बघितल्या. एक-एक तारीख जुळत होती. माझ्याकडे चहा, आणि मग पलीकडे ते. सिंकशी जाऊन ओकले.

पोलिसांचा नऊशे नव्व्याण्णव फिरवला. बाईने विचारलं, तिला या क्षणी धोका आहे का? म्हटलं, माहीत नाही. मग म्हटलं, हो. आहे. पाच दिवस कोंडलंय. ती म्हणाली, गाडी पाठवते, तुम्ही घरातच थांबा.

मी थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात भिंतीपलीकडून, वरच्या बाजूने, खरवडल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ रघुवीर जिना चढत असल्याचा. त्याला खाली आणायचं, एवढंच सुचलं. मंडळाची यादी उचलली आणि त्याची बेल वाजवली.

त्याने दार उघडलं. अंगात एप्रन, खिचडीचा वास. "या ना वहिनी." मी आत गेल्यावर त्याने दाराला किल्ली लावली आणि ती खिशात टाकली. मी सोफ्यावर बसले. यादी गुडघ्यांवर ठेवली.

आणि बोलत सुटले. गुढीसाठी बांबू कुठून आणायचा, कडुलिंब लेस्टरला मिळतो का, श्रीखंड विकतचं की घरचं, गेल्या वर्षी माइक कसा बंद पडला होता. त्याने चहा दिला. मी प्याले. वर तीन ठोके पडले, सावकाश.

"हीटिंगचे पाइप," रघुवीर म्हणाला.

"आमचेही वाजतात," मी म्हटलं, आणि बाळगोपाळांच्या नाचाबद्दल बोलायला लागले.

तो माझ्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांत त्याने मला कधी कुणाबद्दल काही विचारलं नव्हतं. काल विचारलं. "वहिनी, तो समोरचा तुमच्याकडे आला होता का?"

"आला होता रे. मी दारच उघडलं नाही. सोफ्यामागे लपले, बघ." हसलेसुद्धा. खरं होतं ना ते.

तोही हसला. मग उठला, खिडकीचा पडदा बोटाने बाजूला केला आणि तसाच उभा राहिला. रस्त्यावर हॅलम कुबड्यांवर उभा होता, त्यांच्या फाटकाला पाठ टेकून. नुसता उभा. रघुवीर पडद्याशी किती वेळ होता सांगता येणार नाही. मी बोलत होते. काय बोलले, आठवत नाही.

मग गाडीचं दार वाजलं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर, आश्चर्य होतं. "वहिनी, तुम्ही?"

त्याने स्वतःच दार उघडलं. पोलिसांना चहा विचारला. एक जण त्याच्याशी बोलत राहिला आणि दुसरी, बाई, माझ्याकडे बघून जिना चढली. वरच्या सगळ्यात छोट्या खोलीला बाहेरून नवी कडी बसवलेली होती.

नीना जिवंत आहे. खांद्याचं हाड मोडलंय, दोन बरगड्या. पाणी तो द्यायचा, जेवण एकदाच.

सोमवार, २ एप्रिल

रघुवीरवर खटला होणार आहे, तोवर त्याला आत ठेवलंय. पाडव्याचा कार्यक्रम रद्द झाला. मंडळातल्या दोघींनी फोन करून मला सुनावलं, घरातली गोष्ट पोलिसांत नेलीस म्हणून. एकीने विचारलं, आता निवेदन कोण करणार? फोन ठेवून दिला. मिलिंदने आठवडाभर रजा टाकली. वासराचं नाव काढत नाही. हॅलमला मी घरी बोलावलं. कंबरेचं ऑपरेशन झालंय त्याचं, जिना चढता येत नाही. कधीकाळी बस चालवायचा. म्हणाला, "माझ्या बहिणीच्या वेळी मी काही लिहून ठेवलं नव्हतं." 

नीनाला दुसऱ्या गावात ठेवलंय, कुठे ते कुणाला सांगत नाहीत. बरोबर आहे. तिचा व्हिसा नवऱ्यावर होता. त्याचं काय करायचं ते तिथल्या वकीलबाई बघतायत.

त्या सोमवारचं एक लिहायचं राहिलंय. तेरा दिवस टाळलं.

मी तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेले. इमर्जन्सीत नीना इंग्रजीतला एक शब्द बोलेना. दुभाषी लेस्टरहून निघाला होता, दीड तास लागणार होता. डॉक्टरला घाई होती, आणि ती पोलीस बाई, वही उघडून, म्हणाली तोवर तुम्ही सांगा. मी तिच्या खाटेशी बसले. नीना छताकडे बघत बोलायची आणि मी तिचं वाक्य इंग्रजीत म्हणायचे, ती 'मी' म्हणाली की मीही 'मी'. दुभाषी असंच करतात. माझ्या खांद्याला लागलं. मला गुरुवारपासून खोलीत ठेवलं. माझा पासपोर्ट त्याच्याकडे आहे.

पोलीस बाईने विचारलं, बुधवारी काय झालं?

नीना थांबली. मान वळवून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग हळू, स्पष्ट म्हणाली, "मी ताईंना शपथ घातली होती, सांगू नका म्हणून. त्या सांगणार नाही म्हणाल्या. संध्याकाळी हे घरी आले आणि मला म्हणाले, तुझ्या ताईंनीच सांगितलं."

मला वाटलं होतं, तिला माहीत नसेल. पाच दिवस त्या खोलीत तिला माहीत होतं.

ते वाक्य मी इंग्रजीत बदलू शकले असते. तिथे दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं. 'एका बाईने सांगितलं' म्हटलं असतं. 'त्याला कळलं' म्हटलं असतं. मी सगळं म्हटलं, शब्दाला शब्द.

पोलीस बाईचं पेन थांबलं. "ही ताई कोण? नाव?"

"मी," मी म्हटलं.

तिला कळेना. नीनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ती?"

"नाही. ती नाही. मी. आय, वैजयंती. मी त्याला सांगितलं."

पेन चालायला लागलं. मी खाली बघत होते. उठून बाहेर जावं, दुभाषी येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभं राहावं, असं वाटत होतं. मग चादरीवर काहीतरी हललं. नीनाचा चांगला हात. तो माझ्याकडे आला नाही, तिने फक्त चादर वर ओढून घेतली. डोळे पुन्हा छताला लावले.

"लिहून झालं का त्यांचं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग पुढचं सांगते, ताई. नीट सांगा त्यांना."

मी सांगितलं.